कडेपासून वाचायला शिका: जुनी अमेरिकी चांदीची नाणी जमवण्याची पद्धत

१८०७ ते १८३६ या काळातला अमेरिकी हाफ डॉलर हातात आला की चेहरा नंतर बघावा, आधी कड बघावी. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत नाणं कडेनेच धरा, दिव्याखाली सावकाश फिरवा. कडेत खोल दाबलेली अक्षरं दिसायला हवीत: ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’. त्या जागी आपल्या रुपयासारखे उभे कंगोरे दिसले तर नाणं खाली ठेवा, ते बनावट आहे. अपवाद एकच. १८३६ च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर थोडे हाफ डॉलर पाडले गेले, त्यांना कंगोरे आहेत. पण त्यांच्या मागच्या बाजूला गरुडाखाली ‘५० सेंट्स’ असं पूर्ण लिहिलेलं असतं. जुन्या पद्धतीचं ‘५० सी.’ आणि कंगोरे एकाच नाण्यावर दिसले तर पुढे चौकशीच करायला नको.

या एका नाण्यापासून सुरुवात करावी, असं सुचवण्यामागे कारण आहे. जुन्या अमेरिकी चांदीत दुर्मीळ सालं पुष्कळ आहेत, त्यांच्या याद्याही सहज मिळतात. खरी दुर्मीळ गोष्ट वेगळीच आहे: दोनशे वर्षांत कोणी घासलेलं, पॉलिश केलेलं, भोक पाडून बुजवलेलं नाही असं नाणं. ते ओळखणारी नजर तयार व्हायला एकाच प्रकारची शेकडो नाणी डोळ्यांखालून जावी लागतात, आणि तेवढी फक्त या कॅप्ड बस्ट (टोपीवाल्या लिबर्टीदेवीचा अर्धपुतळा असलेल्या) हाफ डॉलरचीच मिळतात. १७९४ च्या डॉलरवर ही नजर तयार करता येत नाही.

हे हाफ डॉलर इतके का उरले, हेही समजून घेण्यासारखं आहे. १८०४ मध्ये टांकसाळीने चांदीचा डॉलर पाडणं थांबवलं. नवे डॉलर वेस्ट इंडीजकडे जात आणि त्यांच्या बदल्यात थोडे जड स्पॅनिश डॉलर येत. दलालांचा फायदा व्हायचा, देशात नाणं मात्र उरायचं नाही. मग १८३६ पर्यंत हाफ डॉलर हेच चांदीचं सर्वांत मोठं नाणं होतं. बँका ते गंगाजळी म्हणून थैल्यांत ठेवत आणि थैल्याच एका बँकेतून दुसरीत जात. बाजारात फिरत होते ते मुख्यतः स्पॅनिश-अमेरिकन रियाल, जे १८५७ पर्यंत अमेरिकेत कायदेशीर चलन होते. त्यामुळे बरेच हाफ डॉलर फारसे न झिजताच म्हातारे झाले.

आधी आकडे पाठ करा

२ एप्रिल १७९२ च्या कायद्याने डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन (वजनाचं इंग्रजी एकक) शुद्ध चांदी ठरली आणि मिश्रणासह वजन ४१६ ग्रेन. म्हणजे कस ०.८९२४, बाकी तांबं. लहान नाणी त्याच प्रमाणात. मात्र चांदीची नियमित पाडणी सुरू व्हायला १७९४ उजाडलं, कारण कायद्याने मुख्य नाणेकार आणि कसतपासनीस या दोघांकडून प्रत्येकी १०,००० डॉलरचा जामीन मागितला होता. तेवढी ऐपत दोघांचीही नव्हती. रक्कम कमी झाली तेव्हा काम सुरू झालं. १७९३ सालचा डॉलर किंवा हाफ डॉलर कोणी दाखवला तर हे आठवावं.

१८३६ पर्यंतची ठरलेली वजनं अशी:

डॉलर – २६.९६ ग्रॅम, व्यास ३९ ते ४० मिमी
हाफ डॉलर – १३.४८ ग्रॅम, सुमारे ३२.५ मिमी
क्वार्टर (पाव डॉलर) – ६.७४ ग्रॅम, १८२८ पर्यंत सुमारे २७.५ मिमी, १८३१ पासून सुमारे २४.३ मिमी
डाइम (दहा सेंट) – २.७० ग्रॅम, सुमारे १९ मिमी
हाफ डाइम (पाच सेंट) – १.३५ ग्रॅम, सुरुवातीला सुमारे १६.५ मिमी, १८२९ पासून १५.५ मिमी

१८३७ पासून कस ०.९०० झाला आणि हाफ डॉलर १३.३६ ग्रॅमवर आला.

व्यासाच्या बाबतीत ‘सुमारे’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. सुरुवातीची नाणी कड्याशिवाय, म्हणजे चकतीला भोवतीने आवळणाऱ्या धातूच्या कॉलरशिवाय पाडली जात. ठसा पडताना चकती बाजूला पसरायची, त्यामुळे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. घट्ट कडं वापरात आलं ते डाइमला १८२८ मध्ये, हाफ डाइमला १८२९ मध्ये आणि क्वार्टरला १८३१ मध्ये. तिथून पुढे मात्र व्यास काटेकोर असतो.

टेबलावर काय हवं

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि तो तपासायला एक प्रमाणित वजन. डिजिटल कॅलिपर, पण त्याचे पोलादी जबडे नाण्याला कधी लागता कामा नयेत. मध्ये पातळ कागद धरा. ५ पट आणि १० पट अशी दोन भिंगं. त्याहून जास्त शक्तीचं भिंग सुरुवातीला उलट गोंधळ घालतं, प्रत्येक कण खड्डा वाटायला लागतो. एकच साधा पिवळा दिवा, तोही एका बाजूला. छताच्या ट्यूबलाइटखाली घासल्याच्या रेषा दिसत नाहीत, त्या प्रकाशात सगळी नाणी देखणी वाटतात. खाली घडी घातलेला मऊ पंचा, म्हणजे नाणं निसटलं तरी वाजणार नाही.

तपासणी, याच क्रमाने

वजन पहिलं. मध्यम झिजलेला हाफ डॉलर साधारण १३.२ ते १३.४ ग्रॅम भरतो. फारच गुळगुळीत झालेला त्याहून कमी. बारा ग्रॅमच्या खाली गेला, किंवा चौदाच्या वर, तर काहीतरी गडबड आहे.

मग कड. कडेवरचा मजकूर ठसा मारण्याआधी उमटवला जाई. दोन समांतर पोलादी पट्ट्या, एक स्थिर आणि एक सरकती, प्रत्येकीवर निम्मा मजकूर. चकती मधून लोळवली की अर्ध्या फेरीत दोन्ही निम्मे उमटत. चकती घसरली तर अक्षरं एकमेकांवर चढत किंवा मध्ये मोकळी जागा राही. म्हणून अस्सल नाण्यावर ‘हाफ’वर ‘सेंट्स’चं शेपूट चढलेलं दिसू शकतं, तो दोष नाही, तसं घडणं त्या पद्धतीत होतंच. नंतर ठशाच्या दाबाने काही अक्षरं चेपटतात, तेही चालतं. चालत नाही ते कडेभोवती फिरणारी बारीक शिवण, अक्षरांच्या तळाशी बुडबुड्यांसारखे गोल खळगे आणि साबणासारखे गुळगुळीत कोपरे. ही ओतीव नाण्याची लक्षणं.

नाणं स्लॅबमध्ये, म्हणजे परीक्षण कंपनीच्या सीलबंद प्लास्टिक डबीत बंद नसेल आणि शंका उरली असेल तर विशिष्ट गुरुत्व काढा. काट्यावर छोट्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर ठेवा, काटा शून्यावर आणा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याच्या फासात अडकवून पाण्यात पूर्ण बुडेल असं वरून लोंबकळत धरा. तळाला किंवा काठाला लागलं तर आकडा खोटा येतो. अंगाला हवेचे बुडबुडे चिकटले तरीही, ते दोरा हलकेच हलवून सोडवावे. आता काट्यावर दिसेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरडं वजन भागिले हा आकडा. १३.३५ ग्रॅमच्या हाफ डॉलरला १.३० च्या आसपास यायला हवं, म्हणजे गुरुत्व सुमारे १०.३. काट्याची चूक धरून १०.२ ते १०.४ मान्य. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रणाची बनावट नाणी त्या काळातही चालत. त्यांचं गुरुत्व पावणेनऊच्या घरात येतं. काम झालं की नाणं मऊ कापडावर ठेवून वरून टिपून घ्या. पुसायचं नाही.

सराफाकडे नेऊन कसोटीच्या दगडावर मात्र चुकूनही घासू देऊ नका. दागिन्याला ती परीक्षा ठीक; नाण्याच्या कडेवरचा तेवढा एक ओरखडा किंमत अर्ध्यावर आणायला पुरेसा होतो. आम्लाच्या थेंबाचंही तेच.

पृष्ठभाग: सगळा वेळ इथे घालवा

गौरी-गणपतीच्या आधी चांदीची भांडी चिंच, रांगोळी किंवा टूथपावडरने लख्ख करायची आपली पद्धत. अमेरिकेतल्या घरांतही पिढ्यान्पिढ्या हेच झालं, फक्त पावडर वेगळी. म्हणून बाजारात येणाऱ्या जुन्या नाण्यांत धुतलेली, घासलेली नाणी फार मोठ्या संख्येने असतात. चढलेला राखाडी रंग म्हणजे मळ नव्हे. चांदीच्या वरच्या थराची हवेतल्या गंधकाशी दोनशे वर्षं चाललेली रासायनिक क्रिया आहे ती, आणि तो थर काढला की खालची झळाळीची सूक्ष्म ठेवणही त्याच्याबरोबर जाते.

दिव्याखाली नाणं तिरपं धरून गोल फिरवा आणि चेहऱ्यासमोरची मोकळी जागा बघा. घासलेल्या नाण्यावर केसांसारख्या बारीक समांतर रेषा एका विशिष्ट कोनात चमकून जातात, कोन बदलला की नाहीशा होतात. कापडाने घासलं असेल तर त्या एकाच दिशेने जाऊन ताऱ्यांपाशी थबकतात. तारेच्या ब्रशने फिरवलेल्या नाण्यावर झळाळी असते, पण मेलेली. अस्सल झळाळी नाणं फिरवताना बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते, ही जागच्या जागी चकाकते. शिवाय ब्रशने सरकलेला धातू अक्षरांच्या एका बाजूला बारीक वरंब्यासारखा साठलेला १० पट भिंगात दिसतो.

आम्लात बुडवून पांढरी केलेली नाणी ओळखायला सोपी: झीज भरपूर आणि रंग कालच्या पेढ्याच्या डबीसारखा पांढरा. हे दोन एकत्र असूच शकत नाहीत. वर अक्षरांच्या कोपऱ्यात थोडा काळेपणा उरला असेल तर खात्रीच. नंतर अशा नाण्याला गंधक किंवा उष्णता देऊन पुन्हा रंग चढवतात. तो बहुधा निळा-जांभळा, भडक असतो, आणि अक्षरांच्या कडेशी न थांबता डाग सांडल्यासारखा वरून वाहत जातो. नैसर्गिक रंग उठावाच्या भोवतीने, थराथराने बसतो.

दागिन्यातून सुटलेली नाणी वेगळ्याने तपासा. पुतळ्यांच्या माळेत असते तशी कडी तिकडेही नाण्यांना जोडत. कडी काढली तरी बाराच्या काट्याच्या जागी कडेची अक्षरं चेपलेली राहतात. भोक बुजवलेलं असेल तर त्या जागचा पोत आसपासच्या धातूशी जुळत नाही. एखाद्या ताऱ्याची टोकं बाकीच्यांपेक्षा जास्त धारदार दिसली तर ती नव्याने कोरलेली आहेत.

आता उलट चूक. १७९४ ते साधारण १८०७ पर्यंतच्या डॉलर आणि हाफ डॉलरवर कानशीने ओढल्यासारख्या जाड समांतर रेषा दिसतात, आणि नवखे घाबरून चांगलं नाणं परत करतात. या रेषा टांकसाळीतल्याच. चकती जड भरली की ठसा मारण्याआधी कानस मारून वजन खाली आणत. ठशाच्या दाबाने मोकळ्या जागेतल्या रेषा मिटत. केसांच्या सर्वांत उंच भागात आणि कडेलगत मात्र त्या उरत, कारण तिथे धातू ठशाच्या तळापर्यंत पोचत नसे. म्हणून रेषा उंचवट्यावर आणि काठावर असतील, त्यांची धार बोथट असेल, तर त्या जन्मजात. मोकळ्या जागेतून सरळ कापत गेलेली, बाजूला धातूचा बारीक उठाव असलेली रेषा म्हणजे नंतरचा ओरखडा. चकती हलकी भरली तर काय करत? १७९५ च्या काही डॉलरांमध्ये मधोमध चांदीची छोटी खुंटी ठोकून मग ठसा मारलेला आहे. तिचं फिकट वर्तुळ दोन्ही बाजूंना दिसतं, आणि अशा डॉलरला उलट जास्त पैसे पडतात.

सुरुवातीलाच एक घासलेला, ‘क्लीन्ड’ असा शेरा मिळालेला हाफ डॉलर मुद्दाम स्वस्तात विकत घ्या. चांगल्या नाण्याशेजारी तो ठेवून दिवा फिरवला की वर लिहिलेलं सगळं पाच मिनिटांत कळतं. नुसत्या फोटोंवरून सहा महिने लागतात.

झीज की कमकुवत ठसा

दर्जा १ ते ७० या शेल्डन मापावर देतात. बस्ट हाफ डॉलरसाठी खुणा अशा. डोक्याच्या पट्टीवरचा ‘लिबर्टी’ शब्द पूर्ण वाचता आला तर फाइन-१२. त्यातली काही अक्षरं गेली असतील तर त्याखाली. शब्द ठळक आणि पंखांची निम्मी पिसं वेगळी दिसत असतील तर व्हीएफ (व्हेरी फाइन)-२० ते ३०. केसांच्या बटा आणि खांद्यावरचा चाप स्वच्छ असेल तर ईएफ (एक्स्ट्रीमली फाइन)-४०. फक्त गाल, टोपीचा माथा आणि कानावरचे केस एवढ्यावरच झीज आणि कोपऱ्यांत झळाळी शिल्लक असेल तर एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड)-५० च्या पुढे. झीज अजिबात नसेल तर एमएस (मिंट स्टेट)-६० पासून वर.

फसगत होते ती अशी, की स्क्रू प्रेसवर दाब सगळीकडे सारखा पडत नसे. खांद्यावरचा चाप आणि त्याच्या बरोबर मागे येणारा डाव्या पंखाचा भाग, बोधवाक्याची पट्टी आणि ताऱ्यांच्या मधल्या रेषा कित्येकदा मुळातच उमटलेल्या नसतात. बोधवाक्य पुसट पण गाल भरलेला, झळाळता असेल तर तो कमकुवत ठसा. गाल सपाट आणि राखाडी असेल तर झीज. १७९४ च्या डॉलरचंही हेच दुखणं. टांकसाळीत एवढ्या मोठ्या नाण्याला पुरेल असा प्रेस नव्हता आणि दोन ठसे समांतर बसले नव्हते, म्हणून त्या १,७५८ नाण्यांपैकी जी उरली त्यांच्यावर डावीकडचे तारे फिकेच असतात. त्यांतला एक अप्रतिम नमुना २०१३ मध्ये एक कोटी डॉलरच्या वर विकला गेला, तोही याच ठशांचा.

कुठलं साल, कुठला ठसा

१८२० आणि १८३० च्या दशकांतली सालं मुबलक. १८३६ मध्ये पासष्ट लाखांवर नाणी पडली. मधल्या वर्गातल्या अशा नाण्याची किंमत शंभर-दीडशे डॉलरपासून सुरू होते, आणि तिचा चांदीच्या भावाशी संबंध थोडाच, कारण आत १२ ग्रॅमच चांदी आहे. १८१६ चा हाफ डॉलर नाहीच. त्या जानेवारीत टांकसाळीच्या आवारात आग लागली आणि चांदी-सोन्याचं काम बंद पडलं. त्याच्या आधीचा १८१५, ज्याचा ठसा १८१२ च्या ठशावर नवा आकडा ठोकून केला, ४७,१५० च पडला. मालिकेतला अडणारा तुकडा तो.

पण या नाण्याचं वेड लागतं ते ठशांच्या चुकांमुळे. ठसे हाताने, एकेक अक्षर ठोकून तयार होत. १८०७ च्या एका ठशावर कारागिराने आधी २० ठोकलं आणि मग त्यावर ५०. १८१३ च्या एका ठशावर ‘५० सी.’च्या जागी तो ‘युनायटेड’ लिहायला निघाला होता, ‘यूएनआय’पर्यंत पोचल्यावर चूक लक्षात आली, ती अक्षरं आजही खालून डोकावतात. १८१७ च्या एका ठशावर ‘१८१’ आणि ‘७’ यांच्यामध्ये ठिपका आहे. १८१७ चाच, १८१४ च्या अंकावर ठोकलेला प्रकार जगात मोजून डझनभर सापडला असेल.

मालिकेत पुढच्या-मागच्या ठशांच्या साडेचारशेच्या आसपास जोड्या ओळखल्या गेल्या आहेत आणि प्रत्येकीला ओव्हर्टन यांच्या सूचीतला क्रमांक आहे. क्रमांक लावायची रीत: आधी साल आणि त्याच्या अंकांचा आकार, मग पहिल्या ताऱ्याचं टोक कडेच्या कुठल्या दात्याकडे आहे ते, मागच्या बाजूला बोधवाक्यातलं अमुक अक्षर वरच्या वर्तुळातल्या कुठल्या अक्षराखाली येतं, ‘५० सी.’ बाणांच्या आणि फांदीच्या मानाने कुठे आहे. शेवटी ठशाला गेलेले तडे, जे नाण्यावर उठावदार रेषा होऊन येतात. आधी मागची बाजू जुळवली तर काम लवकर होतं, कारण तिथे खुणा जास्त. दुर्मीळता आर-१ ते आर-८ अशी मोजतात: आर-१ म्हणजे हजारावर, आर-५ म्हणजे ३१ ते ७५, आर-७ म्हणजे ४ ते १२ नमुने. विक्रेत्याने क्रमांक न लावता साध्या सालाच्या भावात ठेवलेला आर-५ शोधून काढणं, हा या छंदातला सर्वांत प्रामाणिक नफा.

विकत घेताना

५०० डॉलरच्या वरचं पहिलं नाणं सुटं घेऊ नका. पीसीजीएस (१९८६ पासून) किंवा एनजीसी (१९८७ पासून) या नाणी तपासून दर्जा देणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद स्लॅबमधलंच घ्या, आणि त्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो समोरच्या नाण्याशी ताडून पाहा. क्रमांक बरोबर निघणं पुरेसं नाही. बनावट स्लॅबवर अस्सल नाण्याचा क्रमांक छापलेला असतो, म्हणून फोटोतला एखादा डाग किंवा ओरखडा जागच्या जागी आहे का, ते महत्त्वाचं. लेबलवर अंकाऐवजी ‘डिटेल्स’ लिहिलं असेल तर दोष कुठला हे वाचा. सौम्य धुलाई आणि बुजवलेलं भोक यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

लिलावात हातोडी पडते त्या रकमेवर खरेदीदाराचा अधिभार लागतो, बहुधा २० टक्के किंवा त्याच्या आसपास. तुमची मर्यादा ६०० डॉलर असेल तर ५०० वर थांबा. बोलीआधी मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या विक्रीनोंदी उघडा. त्या फुकट बघता येतात. त्याच सालाची, त्याच दर्जाची किमान वीस नाणी आणि त्यांचे भाव पाहा. वीसमध्ये रंगाने तुमचं नाणं पहिल्या पाचात बसत नसेल तर सोडून द्या, पुढच्या महिन्यात दुसरं येतं. या मालिकेत घाई फक्त विक्रेत्याला असते.

हाफ डॉलरवर हात बसला की पुढचा रस्ता असा: कॅप्ड बस्ट डाइम आणि हाफ डाइम, १८३१ नंतरचा छोटा क्वार्टर, १८०६ किंवा १८०७ चा उजवीकडे तोंड असलेला ड्रेप्ड बस्ट (खांद्यावर वस्त्र घेतलेल्या लिबर्टीचा) हाफ डॉलर, मग १७९८ किंवा १७९९ चा डॉलर, शेवटी १७९५ चा मोकळ्या केसांचा हाफ डॉलर. डॉलरपाशी आलात की खर्च काही हजारांत जातो, त्यामुळे डाइमवर रेंगाळण्यात कमीपणा नाही. १७९६ चा क्वार्टर (६,१४६ नाणी) आणि १७९६-९७ चा हाफ डॉलर (दोन्ही साली मिळून ३,९१८) हे दोन अडसर आहेत. प्रत्येक प्रकाराचं एकेक नाणं जमवणाऱ्यांचे डबे वर्षानुवर्षं या दोन खाचांपाशी रिकामे राहतात. त्या रिकाम्या खाचा भरायला सडकं, खड्डे पडलेलं नाणं घेण्यापेक्षा त्या तशाच राहू द्याव्यात.

१८०४ च्या डॉलरबद्दल एवढंच. तो १८०४ मध्ये पाडलाच नाही. १८३४-३५ मध्ये सयामचा राजा आणि मस्कतचा सुलतान यांना भेट द्यायच्या संचांसाठी मागचं साल घालून पाडला, पुढे आणखी काही पडले, आणि आज सगळे मिळून पंधरा-सोळाच ज्ञात आहेत. पहिले संच घेऊन अमेरिकेचे दूत एडमंड रॉबर्ट्स ‘पीकॉक’ या जहाजातून निघाले, मस्कतच्या वाटेवर जहाज खडकावर चढलं आणि दुरुस्तीसाठी मुंबईला आलं. सयामसाठीचा १८०४ चा डॉलर असा १८३५ मध्ये काही आठवडे मुंबई बंदरात होता. त्यामुळे मुंबईत कोणाच्या पेटीत तसला एखादा उरला असेल अशी आशा मात्र धरू नका. चोर बाजारात किंवा जुन्या बाजारात ‘१८०४’ दिसला तर तो नकलीच, आणि अमेरिकेत १९७३ पासून नकलेवर ‘कॉपी’ लिहिणं सक्तीचं असलं तरी तसं लिहिलेलं असेलच असं नाही.

ठेवणं

मऊ, वासाच्या प्लास्टिक पाकिटांत पीव्हीसी असतं. काही वर्षांत त्यातून चिकट हिरवा थर नाण्यावर येतो आणि मग धातू खातो. तसा थर दिसला तर शुद्ध अॅसिटोन घ्या, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे. खिडक्या उघड्या, आसपास ज्योत नको. काचेच्या वाटीत नाणं काही मिनिटं बुडवा, वाटी हलवा, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अॅसिटोनमध्ये पुन्हा बुडवा, कडेने उचलून हवेत वाळू द्या. हा एकच द्रव घरी वापरायचा. तो सेंद्रिय चिकटा काढतो, चांदीच्या रंगाला हात लावत नाही. बाकी काहीही नको.

नाणी मायलारच्या (पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकच्या) पाकिटात किंवा घट्ट अॅक्रिलिक कॅप्सूलमध्ये ठेवा. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, लोकर आणि मखमली डब्या दूर ठेवा, त्यांच्यातलं गंधक चांदी काळी करतं. मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच, आणि त्या जूनपासून दर तीन-चार आठवड्यांनी बदलायच्या किंवा वाळवायच्या. स्लॅब हवाबंद नसतो, त्यालाही हे लागू.

अमेरिकेतून नाणं भारतात आणायचं असेल तर ऑर्डर देण्याआधी कस्टम्स एजंटशी बोला. चांदीच्या आयातीचे नियम बदलते असतात. त्याहून महत्त्वाचं, १९७२ च्या पुरातन वस्तू आणि कलानिधी कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुनं नाणं येतं, आणि अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. पुण्यात आणलेला १७९९ चा डॉलर पुढे न्यूयॉर्कच्या लिलावात पाठवायचा विचार असेल तर तो मुळात इथे आणूच नये. तिकडे राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की नफ्यावरचा कर संग्राह्य वस्तूंसाठी शेअरपेक्षा वेगळा आहे, दीर्घ मुदतीला २८ टक्क्यांपर्यंत, आणि घराच्या साध्या विम्यात नाण्यांची मर्यादा बरीच कमी असते.

प्रत्येक नाण्याची एक चिठ्ठी करा: साल, ओव्हर्टन किंवा त्या मालिकेचा क्रमांक, वजन, स्लॅब क्रमांक, कोणाकडून, कधी, किती डॉलरला, अधिभार धरून. दोन्ही बाजू आणि कड यांचे फोटो. नाणी लॉकरमध्ये असतील तर या चिठ्ठ्या आणि पावत्या घरी ठेवा, आणि नाणी घरी असतील तर लॉकरमध्ये.